साठ तुकड्यांचा डबा: बालवाडीत रोज वापरलेल्या लॉजिक ब्लॉक्सबद्दल

आधी निकाल सांगते, घाईत असाल तर इथंच थांबा. लॉजिक ब्लॉक्सचा, म्हणजे रंग, आकार, माप आणि जाडी बघून गट लावायच्या ठोकळ्यांचा, साठ नगांचा प्लास्टिकचा संच चार वर्षांपुढच्या पोरांसाठी बिनधास्त घ्या. घरात अडीच-तीन वर्षांचं मूल असेल आणि कुणी वाढदिवसाला देणार असेल, तर दुसरं काहीतरी सुचवा. डब्यावर ‘३+’ छापलेलं असतं. ते तुकडा गिळला जाऊ नये एवढ्यापुरतं समजा, खेळ कळण्याचं वय ते नव्हे.

मी इचलकरंजीत घरच्याच दोन खोल्यांत बालवाडी चालवते. यंत्रमागावरच्या कामगारांची, दुकानदारांची, दोन-तीन शिक्षकांची अशी मिसळ पोरं असतात. रंग, आकार, लहान-मोठं यांची वर्गवारी हा आमचा रोजचाच उद्योग. त्यासाठी बाजारात मिळणारं बरंच काही माझ्या कपाटात येऊन गेलंय. हा डबा त्यातला टिकलेला.

डब्यात काय असतं ते सांगते. लाल, पिवळा, निळा असे तीन रंग. गोल, त्रिकोण, चौरस, आयत, षटकोन असे पाच आकार. प्रत्येकात लहान आणि मोठा, आणि त्या दोन्हींत पुन्हा जाड आणि पातळ. पाच त्रिक पंधरा, पंधरा दुणे तीस, तीस दुणे साठ. म्हणजे साठातला एकही तुकडा दुसऱ्यासारखा नाही. सगळी करामत इथं आहे. वर्गवारीसाठीच बाजारात छोट्या रंगीत अस्वलांचा संच मिळतो, त्यात लाल अस्वलं सगळी सारखीच, म्हणून ती लाल वाटीत टाकली की खेळ संपला. इथं एक तुकडा उचलला की त्याची चार घरं होतात: रंगाचं, आकाराचं, मापाचं आणि जाडीचं. कुठल्या घरात जायचं ते त्या वेळच्या नियमावर.

झोल्टान डीनेश नावाच्या गणितज्ञामुळे हे ठोकळे शाळांत पसरले. जन्म बुडापेस्टचा, १९१६ सालचा. २०१४ साली कॅनडात वारले. पोरांना गणित आधी हातात द्यावं आणि चिन्हं मागाहून, हा त्यांचा आग्रह. त्यांच्या संचात षटकोन नव्हता, म्हणून अठ्ठेचाळीसच तुकडे. षटकोनाची भर पडून साठ झाले, आणि मला विचाराल तर तो नसता तरी चाललं असतं. लहान पातळ षटकोन आणि लहान पातळ गोल यांत पोरं हमखास फसतात, आणि कोपरे झिजले की मीसुद्धा.

आता तक्रार. ऑनलाइन मागवलेल्या पहिल्या डब्यात मोजून साठच तुकडे होते. पण मोठा जाड लाल षटकोन दोनदा, आणि मोठा जाड निळा षटकोन गायब. नुसतं मोजून हे कुणाच्याच लक्षात येणार नाही. विक्रेत्याला फोटो पाठवले, मग डबा उघडतानाचा व्हिडिओ मागितला (तो कोण काढून ठेवतो?), बरीच लिहालिही झाली आणि शेवटी बदलून मिळाला. म्हणून घेतल्या घेतल्या हे करा. जाजमावर आकाराप्रमाणे पाच उभ्या ओळी लावा. प्रत्येक ओळीत आधी चार लाल, मग चार पिवळे, मग चार निळे. आणि त्या चारांत मोठा जाड, मोठा पातळ, लहान जाड, लहान पातळ हा क्रम. एकही जागा रिकामी राहायला नको. दहा मिनिटांचं काम आहे, पण संच अपुरा निघाला तर पुढचे सगळे खेळ लंगडे पडतात.

मोठ्या गटातल्या पोरांना मात्र ही मांडणी इतकी आवडली की तोच एक खेळ होऊन बसला. सगळे तुकडे मांडायचे, एकानं पाठ फिरवायची, दुसऱ्यानं एक तुकडा उचलून फ्रॉकखाली लपवायचा. मग पहिल्यानं रिकाम्या जागेकडं बघून सांगायचं की कोण गेला. नुसतं ‘निळा’ म्हणून भागत नाही. ‘निळा, चौकोन, बारका, पातळ’ असं पुरतं नाव-गाव सांगावं लागतं. शेजारच्या ओळी बघून हरवलेल्याचा पत्ता काढायचा, यात पाच वर्षांच्या पोराचं डोकं जे चालतं ते बघण्यासारखं असतं. डबा भरतानाही हेच करतो, त्यामुळं कपाटाखाली गेलेला तुकडा त्याच दिवशी सापडतो. इतर खेळण्यांचं असं होत नाही. अस्वलांतलं एक गेलं तर दिवाळीच्या साफसफाईतच कळतं.

लहान गटाची गोष्ट निराळी. तीन वर्षांच्या पोरापुढं हा ढीग ठेवला आणि ‘सारखे सारखे एकत्र कर’ म्हटलं, तर ते दोन लाल ठेवतं, त्याला एक लाल त्रिकोण जोडतं, त्रिकोण दिसला म्हणून पिवळा त्रिकोण लावतं आणि मग एकदम ‘बाई, घर!’ पालकांना वाटतं पोरगं चुकलं. चुकलं नाही. या वयात मुलं गट न करता चित्र करतात, हे पियाजे आणि इनहेल्डर या मानसशास्त्रज्ञांनी कधीच लिहून ठेवलंय. त्यांच्या मनात ‘लालांचा ढीग’ अशी गोष्टच अजून नीट बसलेली नसते. या पोरांना घर करू द्यावं, आगगाडी करू द्यावी. पण मग त्यासाठी हा संच कशाला? साधे लाकडी ठोकळे जास्त चांगले, उभे तरी राहतात. यातले पातळ तुकडे एकमेकांवर धड बसत नाहीत.

दुसरी अडचण रंगाची. हे तीनही रंग इतके भडक आहेत की कुठलंही मूल आधी रंगच लावणार. रंग लांबूनच ओरडतो. आकार बघावा लागतो आणि जाडी तर हात लावल्याशिवाय कळत नाही. त्यामुळं ‘आकार शिकवायचा’ म्हणून सगळा डबा उपडा केलात तर पोरगं रंगच लावत बसेल आणि तुम्ही ‘अरे, आकार बघ, आकार’ करत बसाल. त्याऐवजी फक्त पिवळे वीस काढा. रंग सगळ्यांचा एक झाला की आकार आपोआप वर येतो. माप शिकवायचं तर एकाच आकाराचे आणि एकाच रंगाचे ठेवा. मॉन्टेसरी बाईंचा गुलाबी मनोरा आठवा: एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंतचे दहा घन, सगळे गुलाबी. फरक एकच, मापाचा. हा आपला डबा नेमका त्याच्या उलट, सगळं एकदम देतो, म्हणून त्यातून काय काढून द्यायचं ते बाईनं ठरवायचं असतं. डब्यातल्या कागदावर हे कुठंच लिहिलेलं नाही. कागद इंग्रजीत, त्यावर मासा, रॉकेट आणि बदक जोडायची चित्रं. त्या बदकांसाठी कुणी हा संच घेऊ नये.

नियम बदलण्याचं सांगते, कारण माझ्या मते पैसे इथं वसूल होतात. आमच्यात एक पोरगा आहे, साडेतीनचा, बोलायला पोपट. तीन ताटल्यांत त्यानं रंग सुरेख लावले. मग तुकडे गोळा केले, त्याच ताटल्यांत एकेक नमुना ठेवला (लाल गोल, पिवळा चौरस, निळा त्रिकोण) आणि म्हटलं, आता रंग नाही बघायचा, आकार बघायचा. त्रिकोण कुठं जाणार? बोट बरोबर तिसऱ्या ताटलीकडं. गोल कुठं? पहिल्या. सगळं तोंडपाठ. मग हातात लाल त्रिकोण दिला. ‘हे काय?’ ‘तिरकोन.’ ‘कुठं घालायचा?’ ‘तिरकोनात,’ असं म्हणत म्हणत त्याचा हात लालच्या ताटलीत गेला. तोंडाला नवा नियम कळला होता, हात जुन्याच नियमावर चालला होता. मानसशास्त्रात यासाठी पत्त्यांची एक साधी चाचणीच आहे आणि तिच्यातही तीन वर्षांची बहुतेक मुलं अशीच अडकतात. चार-पाचला ती सुटतात. तेव्हा तीन वर्षांच्या पोराला ‘लक्ष नाही’ म्हणून रागावण्यात अर्थ नाही. मी काय करते, तर नियम बदलताना ताटल्या बदलते आणि जाजमाची बाजूही बदलते. रंगाचा खेळ खिडकीशी, आकाराचा दाराशी. मोठ्यांना मात्र मुद्दाम त्याच ताटल्या देते.

जाडीचं काय करायचं हा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. वरून बघितलं तर जाड आणि पातळ तुकडा एकच दिसतो, त्यामुळं जाजमावर पसरलेल्या ढिगात जाडी कुणी लक्षातच घेत नाही. मग एक जुनी उशीची खोळ काढली. तिच्यात आठ तुकडे घालायचे, फक्त गोल आणि चौरस, एकाच रंगाचे. लहान-मोठे, जाड-पातळ सगळे आलेच. बाहेर एक तुकडा दाखवायचा आणि खोळीतून न बघता तसाच काढायचा. पोरं खोळीत कोपरापर्यंत हात घालतात, जीभ बाहेर, डोळे आढ्याकडं. पहिल्यांदा कोपरे चाचपतात, आकार सापडतो. मग अंगठा आणि बोटाच्या चिमटीत कड धरून बघतात. ‘ह्यो न्हवं, ह्यो जाड हाय,’ म्हणून तो सोडून दुसरा शोधतात. एकदा चिमटीनं जाडी कळली की जाजमावरही ती उचलून बघायला लागतात. खोळीत रंगाचं काही चालत नाही, हा तिचा दुसरा फायदा. रंगात पटाईत असलेली पोरं इथं मागं पडतात आणि एरवी गप्प बसणारी एखादी पोरगी सटासट तुकडे काढून देते.

पुढचे दोन खेळ पाच वर्षांच्या आसपासचे. एक म्हणजे एकाच फरकाची गाडी. इंजिन मोठा जाड लाल गोल. त्याला जोडायचा डबा फक्त एका गोष्टीत वेगळा हवा. मोठा जाड लाल चौरस चालेल, मोठा जाड निळा गोल चालेल. मोठा जाड निळा चौरस चालणार नाही, दोन फरक झाले. चूक कोण पकडतं यावर भांडणं होतात आणि मला काही बोलावं लागत नाही. दुसरा खेळ खडूनं फरशीवर काढलेल्या दोन वर्तुळांचा. एकात सगळे लाल, दुसऱ्यात सगळे त्रिकोण. लाल त्रिकोण हातात आला की भांडण ठरलेलं. मग कुणीतरी वर्तुळं एकमेकांत सरकवायला सांगतं. वीस लाल, बारा त्रिकोण, मधे अडकलेले चार, आणि बाहेर बत्तीस. गणिताच्या पुस्तकात हे फार पुढं येतं. इथं पोरं खडू पुसून नवं वर्तुळ काढतात आणि विषय मिटतो.

आता माल कसा आहे. प्लास्टिक बरं आहे, रंग उडालेला नाही. साबणाच्या पाण्यात धुता येतं, आणि बालवाडीत हे फार मोठं. पातळ आयत थोडे वाकले, उन्हात वाळत घातल्याचा परिणाम असावा. कडांना साच्याची बारीक कंगोरी होती, ती नेलफायलीनं घासून काढली. डबा अगदीच टाकाऊ. बिजागरी लगेच तुटली आणि आता सगळं फरसाणाच्या बरणीत राहतं. खरेदी करताना आयएसआयचा शिक्का बघाच. खेळण्यांना तो १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचा आहे, तरीही आठवडी बाजारात बिनशिक्क्याचा माल भरपूर मिळतो. तुकड्यांचं मापही बघा. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यातला तुकडा ३१.७ मिलीमीटर व्यासाच्या नळकांड्यात पूर्ण मावता कामा नये, असा नियम आहे. याच ठोकळ्यांच्या ‘खिशातल्या’ छोट्या आवृत्त्या निघतात, त्यांतले बारके तुकडे सहज मावतील. घरात धाकटं भावंड रांगत असेल तर मोठ्या मापाचा संचच घ्या.

एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. लाल-हिरव्यात गल्लत होणारी मुलं असतात, त्यांत मुलगे जास्त. अस्वलांच्या सहा रंगांच्या संचात लाल, हिरवं, नारिंगी शेजारी शेजारी असतात आणि अशा पोराची तिथं नाहक फजिती होते. या संचात हिरवा नाही. लाल, पिवळा, निळा त्याला सहसा वेगळे ओळखू येतात. बनवणाऱ्यांनी हा विचार केला असेल असं वाटत नाही, पण फायदा आपल्याला मिळतो. चौथ्या वर्षानंतरही एखादं मूल दोन ठरावीक रंगांतच सतत घोळ घालत असेल तर ‘येत नाही’ असं ठरवण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं न्यावं.

बाकीच्या खेळण्यांबद्दल थोडक्यात. भोकांचा ठोकळा, म्हणजे आकार आत टाकायचा डबा, दीड ते अडीच वर्षांच्या मुलाला उत्तम. फक्त त्यातून वर्गवारी येते हा गैरसमज. त्यातून हात वळवायला येतो आणि चिकाटी येते. स्वस्त डब्यांत चौकोनी तुकडा गोल भोकातूनही जातो, तेवढं दुकानात तपासून घ्या. चन्नपट्टणची लाखेची लाकडी खेळणी मला जिवापाड आवडतात, रिंगांचा मनोरा तर अप्रतिम. पण ती लेथवर कातलेली, त्यामुळं सगळं गोल. रंग आणि माप शिकवा, आकारासाठी तिथं काही नाही. सावंतवाडीला गेलात तर चितार आळीतून लाकडी फळं-भाज्या आणा. वांगं, कैरी, केळं, मिरची हातात घेऊन ‘फळ कुठलं, भाजी कुठली’ हा वाद रंगापेक्षा कितीतरी रंगतो. टोमॅटोवरून आमच्याकडं दोन तट आहेत.

फुकटात हवं असेल तर तेही सांगते. मॉन्टेसरीचं साहित्य महाग म्हणून ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला शंख-शिंपले, बिया, पानं, खडे यांच्यावर काम भागवलं, आणि भागवलं म्हणण्यापेक्षा जास्त चांगलं केलं. चिंचोके आणि सीताफळाच्या बिया, राजमा आणि चवळी, बटणांचा डबा, स्टीलच्या डब्यांची झाकणं: तीन वर्षांच्या मुलाला एवढं पुष्कळ झालं, फक्त बिया आणि बटणं तोंडात जाणार नाहीत एवढ्यासाठी समोर बसा. आमच्या गावात आणखी एक चीज मिळते, सुताचे रिकामे कोन. कुणाचं टोक हिरवं, कुणाचं गुलाबी, कुणावर पट्टा. सूत एकमेकांत मिसळू नये म्हणून ही खूण असते, आणि पोरांचे बाप रोज कामावर हीच वर्गवारी करतात. एका पोरीनं घरी जाऊन वडिलांना ‘तुम्हीपण बालवाडीत हाय काय’ म्हणून विचारलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पोतं भरून कोन आणून दिले. मात्र या सगळ्यात एक कमी राहते. कोनाचा रंग आणि माप बदलतं, आकार तोच. चिंचोक्याचा तर रंगही तोच. चारही गोष्टी एकाच वेळी हातात घेऊन, त्यांतली एक धरून बाकीच्या सोडायच्या, ही कसरत जमवायची तर साठाचा संच लागतो. पुठ्ठ्यातून कापून करायचा मी प्रयत्न केला. रंग, आकार, माप झालं. जाडीसाठी पुठ्ठे चिकटवता चिकटवता कंटाळा आला.

किंमत सातशे रुपयांच्या आसपास पडली. लाकडी संच दुप्पट-तिप्पट, आणि आमच्याकडं धुण्याचं काम रोजचं असल्यानं मी त्या वाटेला गेले नाही. घरी एकच मूल असेल तर मात्र लाकडी घ्या, वजन हाताला चांगलं लागतं आणि जाड-पातळ लवकर कळतं. पाचपैकी चार गुण. एक गेला डब्याच्या बिजागरीपायी आणि त्या बदकांच्या कागदापायी. घेणाऱ्यांनी सोबत एक उशीची खोळ आणि झाकणाची मोठी बरणी काढून ठेवावी. पहिले काही दिवस एका रंगाचे वीस तुकडेच पोरापुढं ठेवावेत आणि बाकीचे चाळीस कपाटात वरच्या फळीवर.